द्रुतगती मार्ग: १०५ ला आणि १५० ला एकच दंड? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

घाटमाथा: मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून दोन गँट्रींमधला (रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांच्या कमानींमधला) वेळ मोजूनही ई-चलान येतं. तेव्हाच्या मर्यादा अशा: कारला सपाटीवर ताशी १०० किमी नि घाटात ६०, ट्रक-बसला ८० नि ४०. वेग मोजायला ना नाही. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ बघा. वेग ओलांडला की कारला दंड १,००० ते २,००० रुपये, मध्यम-अवजड वाहनाला २,००० ते ४,०००, बस्स. मर्यादा पाचने ओलांडली काय, पन्नासने ओलांडली काय, कायद्यात टप्पेच नाहीत. केंद्राने २०१८ मध्ये द्रुतगती मार्गांवर कारला १२० ठरवले होते. आधी ते लागू करा, दंड वाढवायचं मग बोला.

तिसरा गिअर: १२० ही कमाल मर्यादा होती, राज्याला त्याखाली ठेवायची मुभा आहेच. शिवाय ती अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केली, हे सोयीस्करपणे विसरलात.

आता हिशेब. ब्रेक चांगले, रस्ता कोरडा धरा. १०० वर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंत साधारण ५५ मीटर, १२० वर जवळपास ८०. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी २८ ते ३३ मीटर पुढे सरकते, ते वेगळंच. आणि कमाई काय? अख्ख्या ९४.५ किलोमीटरमध्ये साडेनऊ मिनिटं. तीही टोलनाक्याच्या रांगेत जातात.

घाटमाथा: मग १५० वाल्याला २,००० पुरेत?

तिसरा गिअर: त्याला कलम १८४ लावा की. धोकादायक चालवणं: सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० दंड, किंवा दोन्ही. हत्यार आहे, उचलत कोणी नाही.

फासटॅगवाला: उचलणार कसं? कॅमेऱ्याला दिसते नंबरप्लेट. नोटीस जाते मालकाच्या नावे, स्टिअरिंगवर कोण होतं ते शोधायला माणूस लागतो. दुसऱ्या गुन्ह्याला लायसन्स जप्तीची तरतूद १८३ मध्येच आहे, पण लायसन्स नक्की कोणाचं? भाड्याच्या टॅक्सीचा मालक दोन हजार भरतो, चालक दुसऱ्या दिवशी परत १३०.

सरासरीतही फट आहे. दहा किलोमीटरला १०० ने सहा मिनिटं लागतात. मध्येच फूड मॉलवर वडापाव खायला दहा मिनिटं थांबलात, तर उरलेला रस्ता १४० ने हाणा, सरासरी शुद्ध! गँट्रीखाली तेवढं सांभाळायचं.

ब्रेकड्रम: कारवाल्यांचं चाललंय १०० की १२०. मला घाटातले ४० खटकतात. भरलेला ट्रक उतरताना ४० बरोबरच, किंबहुना जास्तच. चालक डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकतात, मग सगळा भार चाकाच्या ब्रेकड्रमवर येतो, त्यावर घासणारं लायनिंग तापतं, पेडल दाबलं तरी पकड लागत नाही. खालच्या गिअरमध्ये एक्झॉस्ट ब्रेकवर (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा ब्रेक) उतरायला हवं. पण चढणाऱ्या रिकाम्या बसलाही तेच ४०? चढ-उतार वेगळे करा.

तिसरा गिअर: कॅमेऱ्याला बस रिकामी आहे हे कसं कळणार?

ब्रेकड्रम: रिकामी-भरलेली नाही कळणार, पण चढतेय की उतरतेय हे मार्गिकेवरून कळतं ना!

घाटमाथा: फिनलंडमध्ये दंड कमाईवर असतो. २०२३ मध्ये ऑलँड बेटांवर ५० च्या जागी ८२ ने जाणाऱ्या उद्योजकाला १,२१,००० युरो बसले.

फासटॅगवाला: इथे गाडी आईच्या नावावर, कमाई रोखीत. कोणाच्या विवरणपत्रावरून मोजणार?

चलान चुकीचं वाटलं तर भरू नका आणि टाकूनही देऊ नका. आधी फोटोतली प्लेट आणि गाडीचा प्रकार जुळतो का बघा, मग महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रार टाका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १६७अ प्रमाणे नोटीस १५ दिवसांत यायला हवी, उपकरणाचं प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यायला हवं, आणि कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी फलक हवा.

"माझा स्पीडोमीटरचा काटा तर ९८ दाखवत होता" हे मात्र सांगू नका. कंपनीचा काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवूच शकत नाही, जास्तच दाखवतो. अपवाद टायर बदललेल्यांचा: १८५/६५ आर १५ मापाच्या टायरच्या जागी १९५/६५ बसवलं की चाक सुमारे दोन टक्के मोठं होतं, काटा तेवढा मागे पडतो.