टीबीच्या पेशंटला खायला द्यायचं, की घरातल्या सगळ्यांना?

अबोली२१

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात यजमानांना फुप्फुसाचा टीबी निघाला. थुंकी पॉझिटिव्ह आली. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू आहेत, ताप उतरलाय, खोकलाही बराच कमी झालाय. वजन मात्र ४४ किलोच आहे. दवाखान्यात सांगितलं, ‘गोळ्या चुकवू नका आणि चांगलं खायला घाला.’ तेव्हापासून सासूबाईंनी घरातलं दूध, अंडी, शेंगदाणे, सगळं त्यांच्या ताटाकडे वळवलंय. स्वतः चहाबरोबर भाकरीचा तुकडा खातात आणि उठतात. काही बोलायला गेलं की ‘आजारी तो आहे, मी नाही’ असं म्हणतात. मुलगी सात वर्षांची आहे, तिच्या वाटचं दूधही अर्धं झालंय.

झारखंडमधल्या एका संशोधनाची बातमी वाचली, मथळा होता ‘पोषक आहाराने टीबीचा धोका निम्म्यावर’. हा धोका नक्की कुणाचा? पेशंटचा की आमचा? त्यात ओळखीतल्या एका डॉक्टरांनी सांगितलं की मद्रासच्या जुन्या अभ्यासात हे कधीच निकालात निघालंय, टीबी गोळ्यांनी बरा होतो, खाण्यापिण्याने फारसा फरक पडत नाही. दोन्हीकडे संशोधनच आहे. मग मी घरात काय करू?

मेथी

अबोली, आधी काळजी करणं थांबव, गोळ्या वेळेवर गेल्या तर हा आजार बरा होतो. माझ्या भावाचा झालाय. आम्ही त्याला एकदम भरपूर वाढायचो नाही, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यायचो, कारण सुरुवातीला गोळ्यांनी मळमळतं. डाळ घट्ट, रोज एक अंडं, भाजलेले दाणे. दारू पूर्ण बंद, लिव्हरवर ताण येतो. साखर तपासली नसेल तर तपासून घ्या, टीबी आणि मधुमेह पुष्कळदा जोडीने सापडतात. संशोधनाचं मला कळत नाही, ते सागवानकाका सांगतील.

सागवान

अबोलीताई, मी क्षयरोग विभागात पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही. पण घरोघरी जाऊन पेशंट पाहण्यातच नोकरी गेली, आणि झारखंडचा तो अभ्यास मी अथपासून इतिपर्यंत वाचला, कारण त्यातली घरं माझ्या ओळखीची वाटली.

पहिलं म्हणजे सासूबाईंचं वजन आणि उंची कळवा. मुलीचंही. बाकी सगळं वाचायच्या आधी हे करा.

आता तुमचा प्रश्न. बातमीतला धोका तुमचा आहे, यजमानांचा नाही. त्या अभ्यासाचं नाव ‘रेशन्स’. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी सहकाऱ्यांसह तो झारखंडच्या चार जिल्ह्यांत केला, २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फुप्फुसाच्या टीबीचे २,८०० पेशंट आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसं. पेशंटना सगळीकडेच शिधा दिला, महिन्याला १० किलोचा. फरक केला तो घरातल्या इतरांत. निम्म्या भागात त्यांना काही दिलं नाही, ती आपलं नेहमीचं खात राहिली. उरलेल्या भागात प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. दहा वर्षांखालच्या मुलांना त्याच्या निम्मं. बस, एवढंच. मांस नाही, डब्यातली महागडी पावडर नाही. तिथल्या दराने माणशी महिन्याला साधारण ४ डॉलरचा खर्च.

शिधा मिळालेल्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरलं. थुंकीत जंतू सापडतात तो फुप्फुसाचा टीबी, म्हणजे पुढे दुसऱ्याला लागणारा, ४८ टक्क्यांनी कमी. मथळ्यातलं ‘निम्म्यावर’ बहुधा इथूनच आलंय.

जंतू श्वासातून आत जातो, तो डाळभाताने अडत नाही. पेशंटच्या घरातल्या बऱ्याच जणांच्या शरीरात तो गेलेला असतो आणि दबून राहतो. त्याला दाबून ठेवणारी प्रतिकारशक्ती अंगात काही नसलं की ढिली पडते. विलायतेत केंब्रिजजवळ पॅपवर्थ नावाची क्षयरोग्यांची वसाहत होती, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वसवलेली. पेशंट बापाला तिथे काम, पगार, हवेशीर घर आणि कुटुंबाला पोटभर खाणं मिळायचं. टीबीवर औषध निघायच्या कितीतरी आधीची गोष्ट. वसाहतीत जन्मलेल्या मुलांना संसर्ग होतच होता, पण आजार फार कमी जणांना झाला. भार्गवांनी त्या जुन्या नोंदी पुन्हा तपासून त्यावर लिहिलं होतं, आणि मग ‘रेशन्स’ केला.

राहिला मद्रासचा अभ्यास. तुमचे डॉक्टर म्हणतात तो खराच आहे आणि फार मोठा आहे. १९५६च्या सुमारास सुरू झाला, १९५९ला निकाल छापले. १९३ पेशंट, निम्मे सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात ठेवले, तिथे आराम, शुश्रूषा, चांगला आहार. निम्मे आपापल्या घरी, दाटीच्या वस्तीत, हातातोंडाची गाठ पडेल तेवढं खाऊन. गोळ्या दोघांना सारख्याच. वर्षभराने जंतू जाण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत निघाले. त्या अभ्यासामुळे जगभर सॅनेटोरियमं बंद झाली आणि लोक घरी राहून बरे होऊ लागले. त्याचे उपकार मोठेच आहेत.

पण तिथे विचारलं होतं एवढंच, की औषध चालू असताना घरचं निकृष्ट अन्न आड येतं का? उत्तर आलं, जंतू मारण्याच्या आड येत नाही. औषध न घेणाऱ्या, त्याच घरात अर्धपोटी राहणाऱ्या बायकापोरांना जादा अन्न दिलं तर त्यांचा टीबी टळतो का, हे तिथे विचारलंच नव्हतं. आम्ही खात्यातले लोक मात्र वर्षानुवर्षं ‘आहाराचं काही नाही, गोळ्या खा’ हेच घोकत आलो.

आमच्या उपचार कार्डावर वजनाचा रकाना असतो. वजन कशासाठी घ्यायचं? तर गोळ्या किती द्यायच्या ते ठरवायला. २५ ते ३४ किलोला दोन, ३५ ते ४९ला तीन, ५० ते ६४ला चार. पेशंट ३६चा असो की ४८चा, गोळ्या तीनच, मग त्या दोन आकड्यांत फरक आहे हे कुणाच्या डोळ्यांत भरायचं नाही. ४१, ४१, ४१ असं एकाच शाईने एका दमात लिहिलेलं कार्ड मी किती पाहिलं असेन. ताई, रकाना भरला होता, माणूस काट्यावर चढलाच नव्हता. झारखंडच्या २,८०० पेशंटांपैकी पाचातले चार कमी वजनाचे होते, आणि जवळपास निम्मे तर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, १८.५च्या खाली म्हणजे कमी वजन) १६च्याही खाली. अशा माणसाचं वजन दोन महिन्यांत हललं नाही, तर ते कुणाला तरी दिसायला नको का?

दशांश

सागवानजी, मांडणी आवडली, पण टक्क्यांबद्दल बोलायलाच हवं. ३९ टक्के ऐकलं की वाटतं शंभरातले ३९ जण वाचले. तसं नाही. शिधा न मिळालेल्या घरांत शंभरातल्या २.६ जणांना टीबी झाला, शिधा मिळालेल्या घरांत १.७ जणांना. शंभरात एकाहून किंचित कमीचा फरक. लेखकांनी स्वतःच दिलंय की एक टीबी टाळायला सुमारे ३० घरांतल्या १११ माणसांना शिधा द्यावा लागेल.

शिवाय कुणाला शिधा मिळतोय हे सगळ्यांना माहीत होतं, लपवणं शक्यच नव्हतं. आणि शेवटपर्यंत तपासणी झालेल्यांचं प्रमाण शिधा न मिळालेल्या गटात थोडं कमी आहे. अबोलीताईंना ‘दूध प्यायलं की टीबी होणार नाही’ असं वाटायला नको, म्हणून लिहिलं.

सागवान

दशांश, आकडे बरोबर आहेत आणि इथे लिहिलेत ते बरंच केलंत. दोन गोष्टी जोडतो.

कुणाला शिधा मिळतोय हे उघड होतं, मान्य. ‘मला बरं वाटतंय का’ असला निकाल असता तर त्याने फार गोंधळ झाला असता. पण थुंकीत जंतू आहेत की नाहीत हे चाचणी ठरवते, शिधा कुणाला मिळतोय हे माहीत असल्याने तो निकाल बदलत नाही, आणि फरक तिथेच जास्त दिसला. दुसरं, पेशंटचा शिधा दोन्ही गटांत जात होता. गरीब घरात १० किलोचं पोतं आलं तर ते एकटा पेशंट खाईल का? पोरांच्या ताटात जाणारच. म्हणजे तुलनेतली दुसरी घरंही पूर्ण कोरडी नव्हती. माझ्या मते खरा फरक दिसला त्याहून मोठा असेल, कमी नसेल.

१११ माणसं हा आकडा तुम्हाला मोठा वाटतो, मला लहान वाटतो. जगातले साधारण चौथा हिस्सा टीबी पेशंट आपल्या देशात आहेत. त्यातल्या प्रत्येकाच्या घरातली माणसं मोजा.

पेशंटच्या वजनाचा जो भाग आहे, तिथे मात्र मीच सावध करतो. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यू ६१ टक्क्यांनी कमी होते. पण पेशंटना शिधा सगळ्यांनाच होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. ज्यांचा आजार मुळात सौम्य त्यांचं वजनही लवकर वाढणार. तेव्हा वाढत्या वजनाने जीव वाचला असं छातीठोक म्हणता येणार नाही. वजन वाढत नसेल तर त्या पेशंटकडे लगेच लक्ष द्या, एवढं नक्की म्हणता येतं. अबोलीताई, तुमच्याकडे ४४ किलोचे ५ टक्के म्हणजे सव्वादोन किलो. दोन महिन्यांनी काटा ४६च्या पुढे असावा.

अबोली२१

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर सगळ्यांचं वजन केलं. मुलगी २० किलो. सासूबाई ३६ किलो, उंची ४ फूट ११. त्यांना गेले काही दिवस संध्याकाळी कणकण वाटते, पण त्या म्हणतात धावपळीने होतंय. खोकला आहे, जुनाच आहे, चुलीमुळे. आता भीती वाटायला लागलीय.

सागवान

ताई, ३६ किलो आणि ४ फूट ११, म्हणजे बीएमआय १६च्या आसपास. संध्याकाळची कणकण आणि खोकला. ‘चुलीमुळे’ हे ऐकून आम्ही परत फिरायचो नाही, तुम्हीही ऐकू नका. उद्याच त्यांना यजमानांच्या दवाखान्यात न्या, ‘पेशंटच्या घरातली आहे, खोकला आणि ताप आहे’ हे स्पष्ट सांगा, एक्स-रे आणि थुंकीची तपासणी करून घ्या. फुकट होते. तुमची आणि मुलीची तपासणीही त्याच वेळी. ज्यांना टीबी नाही असं नक्की होईल त्यांच्यासाठी प्रतिबंधक औषध असतं, ते मागून घ्या. शिधा त्या औषधाची जागा घेत नाही, दोन्ही लागतं.

यजमानांच्या बँक खात्यात निक्षय पोषणचे, म्हणजे टीबी पेशंटला आहारासाठी सरकार देतं ते, पैसे येतायत का बघा. नोव्हेंबर २०२४पासून महिन्याला १००० रुपये आहेत, आधी ५०० होते. नसतील येत तर आशाताईंना खातं जोडलंय का ते विचारा. निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबी पेशंटला मदत करायला पुढे आलेल्या लोकांकडून आणि संस्थांकडून, मिळणारा शिधा आता घरातल्या इतरांसाठीही देता येतो, तसं केंद्राने जाहीर केलंय. तोही विचारा. मिळायला वेळ लागला तरी नाव लावून ठेवा.

आणि सासूबाईंना ‘तुमच्यासाठी खा’ म्हणाल तर त्या खाणार नाहीत, त्या पिढीच्या बायका खात नाहीत. त्यांना सांगा, तुम्हाला झाला तर तो नातीला लागेल. वरणाची वाटी आधी त्यांच्यापुढे ठेवा आणि सगळे एकत्र बसा. यजमानांनीच म्हणू दे, ‘आई, तू घेतल्याशिवाय मी हात लावत नाही.’

अबोली२१

उद्या सकाळी नेतेय. यजमानांना हे सगळं वाचून दाखवलं, ते स्वतः आईशी बोलतो म्हणाले. एक्स-रेचं काय आलं ते इथेच लिहीन.

मेथी

अबोली, सकाळची थुंकी तपासणीला चांगली असते, खोकून आतून आलेली हवी, नुसती लाळ नको. आज रात्रीच त्यांना सांगून ठेव. आणि रांगेत थांबताना दोघींनीही मास्क लावा.