सॅल्मोनेलानंतर एलसी३-टू वाढतंय: ऑटोफॅजी चालू की अडलेली?

कराडकर_पेशी:
ऑटोफॅजी, म्हणजे पेशीनं आतला कचरा किंवा जंतू पिशवीत गुंडाळून लायसोसोममध्ये (पेशीच्या पचनपिशवीत) मोडणं, बघतोय. हीला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या पेशी) सॅल्मोनेला टायफिम्युरियम हा जंतू दिला, ६ तासांनी पेशी फोडून लायसेट काढलं आणि प्रथिनांचा ब्लॉट केला. एलसी३-टूचा (पडद्याला जोडलेलं एलसी३ प्रथिन) बँड जाड आलाय, पण पी६२सुद्धा (ऑटोफॅजीत स्वतःही मोडलं जाणारं प्रथिन) वाढलंय. गाईड म्हणतात ऑटोफॅजी वाढली, मला ती अडल्यासारखी वाटते. काय धरायचं? पुढे फलटणकडच्या शेळ्यांमधला ब्रुसेला (गाभडायला लावणारा जंतू) घ्यायचा विचार आहे.

मिरज_ब्लॉट:
नुसत्या त्या बँडवरून काहीच धरू नका. एलसी३-टू जास्त तयार झालं तरी साठतं, लायसोसोममध्ये मोडलं नाही तरी साठतं. चार वेल लावा: जंतू दिलेले आणि न दिलेले, दोन्ही बॅफिलोमायसिनसह (लायसोसोममधलं आम्ल आणि मोडणं थांबवणारं औषध) आणि त्याशिवाय. १०० नॅनोमोलर, शेवटचे २ तासच. जंतूंच्या वेलमध्ये औषधानं बँड आणखी चढला तर प्रवाह चालू आहे. तेवढाच राहिला तर पुढे तुंबलंय. औषध जास्त वेळ ठेवलंत की सगळं बिघडतं, कारण सॅल्मोनेला पेशीत ज्या पोकळीत राहतो तिथलं आम्ल त्याला हवं असतं. त्या वेलमधून जंतूंच्या कॉलन्याही मोजू नका. तुलना अ‍ॅक्टिनशी (सगळ्या वेलमध्ये सारखं असणारं प्रथिन) करा, एलसी३-वनशी (पडद्याला न जोडलेलं एलसी३) नको. सॅम्पल दोनदा वितळलं की वन आधी उडतो. ब्लॉटचा मेम्ब्रेन ०.२ मायक्रॉनचा पीव्हीडीएफ. आणि पी६२चं जनुकच संसर्गात जास्त चालू शकतं, त्यामुळे ते वाढलं म्हणजे अडलंच असं नाही.

गॅलेक्टिन८:
मुळात ६ तास उशिराचे. जंतूची पोकळी फाटली की गॅलेक्टिन-८ हे पेशीचं प्रथिन तिथे चिकटतं, ते एनडीपी५२ या दुसऱ्या प्रथिनाला ओढतं आणि एनडीपी५२ एलसी३ला. हे सगळं पहिल्या तासाभरात शिगेला असतं, मग उतरतं. शिवाय असे जंतू थोडेच. अख्ख्या वेलच्या लायसेटमध्ये ते बुडून जातात. १ तासाची कव्हरस्लिप करा, सूक्ष्मदर्शकाखाली एलसी३चं कडं असलेले जंतू मोजा. पेशींबाहेरचे जंतू मारायला जेंटामायसिन हे प्रतिजैविक १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, नंतर १०वर आणा, नाहीतर ते हळूहळू आत शिरून आतलेही मारतं.
अजून एक गोम: एलसी३ एकेरी पडद्यावरही चढतं. ऑटोफॅजीची खरी दुहेरी पडद्याची पिशवी आहे का, ते एफआयपी२०० (ती पिशवी बनायला लागणारं प्रथिन) काढलेल्या पेशींत कळेल. तिथेही कडं दिसलं तर ती ऑटोफॅजी नव्हे.

कराडकर_पेशी:
धन्यवाद. मग ब्रुसेलालाही हाच आराखडा?

फलटण_पशुवैद्य:
नाही. ब्रुसेला अबॉर्टस शेवटच्या टप्प्यात बीक्लिन-१ आणि यूएलके१ ही ऑटोफॅजी सुरू करणारी प्रथिनं स्वतःच्या पसरण्यासाठी वापरतो. एटीजी५ (एलसी३ पडद्याला जोडायला लागणारं प्रथिन) आणि एलसी३ त्याला लागत नाहीत. म्हणजे एलसी३च्या ब्लॉटवर काही दिसणार नाही. आणि कॉलेजच्या साध्या हूडमध्ये तो वाढवूच नका, बीएसएल-३ (घातक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा) हवी. गाभडलेल्या शेळीचा वारसुद्धा उघड्या हातानं उचलायचा नसतो.