उन्हाळ्यात कुत्र्यांना कसं जपता? अनुभव सांगा

मी नागपूरची. आमचा शेरू, नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाला त्याला फिरायला नेलं. ऊन उतरलं होतं, डांबर मात्र तापलेलंच. चौकात तो खाली बसला आणि पुढचा पाय उचलून धरला. घरी येऊन बघते तर पंजाची गादी सोलवटलेली, आतली गुलाबी कातडी दिसतेय. पंधरा दिवस मलमपट्टी चालली. आता निघण्याआधी हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवते. मला सोसलं नाही तर बाहेर जाणं रद्द. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, फक्त पहाटे साडेपाचला जातो. तुमचेही अनुभव लिहा, चुकलेलं असेल तर तेही.

पुणे
आमची पग, आखूड नाकाची. भर दुपारी गाडीचा एसी बंद पडला. जीभ जांभळट, लाळ चिकट, उभी केली की झोकांड्या. डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, "आधी तिथेच पाणी ओता, मग निघा." पेट्रोल पंपाच्या नळाखाली पोट, काखा, जांघा भिजवल्या आणि नवरा पुठ्ठ्याने वारा घालत राहिला. मी ओला टॉवेल गुंडाळणार होते, पण डॉक्टरांनी अडवलं. तो तापला की उष्णता आतच कोंडते. दवाखान्यात पोचलो तेव्हाही तिच्या अंगाचं तापमान १०५ फॅरनहाइट होतं. एरवी कुत्र्याचं १०१ ते १०२.५ असतं. वाचली माझी बाई. अजूनही ते आठवलं की हात कापतात.

अकोला
जर्मन शेफर्डचे केस मशीनने उडवू नका. आम्ही उडवले आणि पाठ उन्हाने भाजली. रोज विंचरून खालची लव काढली की पुरतं.

रत्नागिरी
इकडे पारा विदर्भासारखा चढत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग गार करतं, आणि दमट हवेत जिभेवरचं पाणी लवकर सुकत नाही. मोत्या न्हाणीमागच्या ओल्या मातीत खळगा करून झोपायचा. आधी ओरडायचो, आता मीच तिथे दुपारी पाणी मारतो.

सोलापूर
गल्लीतल्या कुत्र्यांसाठी सावलीत मातीची पसरट कुंडी ठेवा. स्टीलचं भांडं तापतं. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात. आणि दुपारी गाडी सुरू करण्याआधी वाकून खाली बघाच. आमची काळी लंगडी तिथेच झोपलेली असते.