वैयक्तिक वेबसाइटसाठी हवामान अंदाज: नाशिक जिल्ह्याला कोणता एपीआय घ्यावा?

गंगापूररोडकर:
शेअर्ड होस्टिंगवर पीएचपीची छोटी साइट आहे. तिच्यावर नाशिक, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी आणि निफाडचा पाच दिवसांचा अंदाज दाखवायचा आहे: पाऊस, किमान-कमाल तापमान, वारा. मोफतच हवं. हवामानाचा डेटा आपोआप पुरवणारे एपीआय (प्रोग्रॅमने डेटा मागवायची सोय) बरेच दिसतात; ओपनवेदरमॅप, ओपन-मेटिओ, मेट नॉर्वे यांपैकी काय घ्यावं? हवामान खात्याचा डेटा थेट मिळतो का?

क्रॉनवाला:
ओपन-मेटिओ घ्या. एपीआय-की (ओळखीचा सांकेतिक कोड) लागत नाही, नोंदणीही नाही. अव्यावसायिक वापराला दिवसाला १०,००० कॉलपर्यंत मोफत. साइटवर जाहिराती लावल्यात की तो व्यावसायिक वापर धरतात. डेटाशेजारी स्रोताचं नाव आणि लिंक द्यायलाच हवी.

ओपनवेदरमॅपच्या वन कॉल ३.० मध्ये रोज १,००० कॉल मोफत आहेत, पण कार्ड जोडावं लागतं. एकक सांगितलं नाही तर तापमान केल्विनमध्ये येतं.

कुठलाही स्रोत घ्या, पान उघडल्यावर एपीआयला कॉल करू नका. क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप काम चालवायची होस्टिंगवरची सोय) तासातून एकदा डेटा उतरवा आणि पानाला सेव्ह केलेली फाइलच वाचू द्या. चार ठिकाणं धरली तरी दिवसाला ९६ कॉल होतात. त्याहून घाई करून उपयोग नाही, जीएफएस हे अमेरिकेचं जागतिक हवामान मॉडेल दिवसातून चारदाच चालतं. आधी तात्पुरत्या फाइलमध्ये उतरवा, जेसन (एपीआयचा डेटा ज्या स्वरूपात येतो ते) पूर्ण आहे का तपासा, मगच जुन्या फाइलच्या जागी ठेवा. नाहीतर सर्व्हर मध्येच अडकला की अर्धवट फाइल राहते आणि पान कोरं दिसतं. शेवटच्या अपडेटची वेळ पानावर छापा.

घाटमाथा:
वरच्या सल्ल्याशी सहमत, पण नाशिकला खरी गोम ग्रिडमध्ये, म्हणजे मॉडेलच्या चौकोनांच्या जाळ्यात आहे. जीएफएसचा चौकोन ०.२५ अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किमीचा. त्र्यंबक ते नाशिक सरळ अंतरही साधारण तेवढंच! इगतपुरीत धो धो कोसळतो तेव्हा सिन्नरला नुसतं ढगाळ असतं; पावसातला एवढा फरक मोठ्या चौकोनाच्या सरासरीत पुसला जातो. म्हणून जिल्ह्याला एकच आकडा देऊ नका, चारही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश वेगळे द्या. गंगापूर धरणात येवा किती येईल याचा अंदाज शहराच्या आकड्यावरून बांधू नका, त्र्यंबकचा बिंदू पाहा.

निफाडचं उलट. थंडीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा मॉडेलपेक्षा खाली जाऊ शकतो, कारण निरभ्र, शांत रात्री सखल भागात थंड हवा साचते. ओपन-मेटिओ उंचीनुसार तापमान सुधारून देतं, पण हा परिणाम त्यात येत नाही. द्राक्षवाले पान बघणार असतील तर किमान तापमानाशेजारी ‘मॉडेलचा अंदाज’ असं स्पष्ट लिहा.

गंगापूररोडकर:
पावसाची दिवसाची बेरीज हवामान खात्याच्या आकड्याशी जुळत नाही. मॉडेल चुकतंय का?

क्रॉनवाला:
आधी वेळ तपासा. टाइमझोन दिला नाही तर दिवस युटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा) धरला जातो, म्हणजे आपल्याकडे पहाटे ५:३० ते ५:३०. हवामान खातं मात्र सकाळी ८:३० ते ८:३० मोजतं. तुलनेसाठी ताशी डेटा युटीसीतच मागवा आणि ०४ ते दुसऱ्या दिवशीच्या ०३ पर्यंतचे २४ आकडे जोडा. प्रत्येक आकडा मागच्या तासाचा असतो. पानावर दाखवायच्या रोजच्या आकड्यांसाठी टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ द्या.

घाटमाथा:
मेट नॉर्वे पर्यायी स्रोत म्हणून चांगला. विनंतीच्या युजर-एजंटमध्ये (विनंती कोण करतंय हे सांगणारी ओळ) साइटचं नाव आणि संपर्क लागतो, नाहीतर ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा एरर येतो. अक्षांश-रेखांश जास्तीत जास्त चार दशांश स्थळांपर्यंत द्या. पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर ताशी आकडा संपतो आणि सहा तासांचा येतो. कोडमध्ये ही सोय ठेवा, नाहीतर पुढच्या दिवसांचा पाऊस शून्य दिसेल.

हवामान खात्याच्या एपीआयला आयपी नोंदवून परवानगी लागते, शेअर्ड होस्टिंगवर ते अवघड. त्यांच्या इशाऱ्यांच्या पानाची लिंक ठळक द्या. मॉडेलच्या आकड्यावरून स्वतःचा ‘ऑरेंज अलर्ट’ मात्र कधीही काढू नका, लोक त्यावर विसंबून घाटात गाडी घालतात.