मदत हवी आहे: सव्वादोन वर्षांची लेक आणि आईविना चार रात्री

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच स्वतःसाठी धागा काढतेय. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मी, नवरा आणि सव्वादोन वर्षांची लेक, इथे तिला चिमी म्हणते. मला बत्तिसावा आठवडा चालू आहे. पहिलं सिझर झालं होतं, हेही सिझरच ठरलंय. डॉक्टरांनी दिलेली तारीख चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) बरोबर पाच दिवस आधीची. चार रात्री हॉस्पिटलात धरून चाला म्हणाल्या. लहान मुलांना तिथे रात्री थांबू देत नाहीत, ते आधीच विचारून घेतलंय.

आता मुद्दा. जन्मल्यापासून चिमी एकही रात्र माझ्याशिवाय झोपलेली नाही. झोपताना अजून अंगावर पिते. पिते म्हणजे नावालाच, कारण या खेपेच्या पाचव्या महिन्यातच माझं दूध आटलं. त्या रात्री तिने तोंड बाजूला काढून माझ्याकडे असं बघितलं, जणू नळाला पाणी नाही आणि तक्रार माझ्याकडेच करायची आहे. वाटलं, आता सुटेल. कसलं काय! कोरडंच चोखते, आणि एक हात माझ्या नाइटीच्या गळ्यावरच्या बटणावर. ते बटण गोल गोल फिरवत फिरवत डोळे मिटतात. बिनबटणाची नाइटी घातली तर घर डोक्यावर.

(गरोदरपणी पाजते म्हणून मला पुरेसं ऐकवून झालंय. "पोटातल्याच्या तोंडचा घास ही खाते" हे किमान चार जणींनी सांगितलं. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारलं होतं. रक्तस्राव नाही, पहिल्या खेपेला मुदतीआधी कळा आलेल्या नाहीत, वजन नीट वाढतंय, तेव्हा चालेल म्हणाल्या. कृपया त्यावर नको.)

नवरा वेर्ण्याला कारखान्यात आहे, पाळीची नोकरी. खाजगी कंपनी, बापाला बाळंतपणाची रजा वगैरे काही नाही. साठवलेल्या आठ रजा आहेत. माझं माहेर सावंतवाडीला, पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालं, ती चिमीच्या मागे धावू शकत नाही. तसंही पहिलं माहेरी झालं, आता दुसरं सासरी असं सगळ्यांनी धरलेलंच आहे.

सासर पेडणे तालुक्यातल्या गावात. सासूबाई मायेच्या आहेत, हे आधी सांगते. त्यांचं म्हणणं, चिमीला तीन आठवडे आधीच गावी आणून सोडा, "हांव सांबाळटां तिका", म्हणजे तिला माझ्याशिवाय राहायची सवय होईल आणि मलाही विश्रांती. माझा जीव होत नाही. पण माझा जीव होत नाही म्हणून ते चूक, असंही नाही ना? शिवाय दुसरी गोष्ट अशी की तारखेमुळे चवथीत सोयर येतं. मूळ घरचा गणपती, पाच भावांची भावकी. सासूबाईंनी परवा हळूच विचारलं, आठवडाभर आधी करून घेता येणार नाही का, म्हणजे सोयर चवथीआधी फिटेल. मी डॉक्टरांवर ढकललं आणि गप्प बसले.

चिमीला काहीतरी कळलंय हे नक्की. दिवसा लंगोट सुटला होता, तो परत लागला. पाळणाघराच्या दारात पाय घट्ट रोवून उभी राहते. पायऱ्या चढताना कडेवरच घे म्हणून हट्ट. पोटाला हात लावून "बाळ" म्हणते, पण तसं ती पपईलाही म्हणते.

तर त्या चार रात्रींसाठी तिला तयार कसं करायचं? अंगावरचं आत्ताच पूर्ण तोडू का? तिला गावी पाठवू की घरीच ठेवू? "बाळाने ताईसाठी खेळणं आणलं" वगैरे सगळीकडे वाचलंय, ते सोडून काही असेल तर सांगा.

— बटणवाली आई


दोघांची_माय, डिचोली

पाठवू नका. मी पाठवलं होतं म्हणून सांगते. थोरला अडीच वर्षांचा, त्याला महिनाभर आजोळी ठेवला. तिथे मजेत होता, झाडाखाली खेळायचा, पेज जेवायचा, फोनवर आम्हाला वाटायचं काय गुणी पोर. परत आणला तेव्हा त्याच्या जागेवर, त्याच्याच दुपट्यात, धाकटी. मला हाक मारली नाही त्याने. आजीचा पदर धरून विचारलं, "आपण घरी कधी जायचं?" घरातच उभा होता तो.

महिन्याभरात सगळं ठीक झालं हेही खरं. पण तो एक प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मूल जिथे आहे तिथेच राहू दे, माणसं बदलू देत. सासूबाईंनाच फोंड्याला बोलवा.


रातपाळीवाला, म्हापसा

ताई, सगळा धागा तुमच्याभोवती फिरतोय, पण त्या चार रात्री झोपवणार कोण? नवराच ना? मग तयारी चिमीची नाही, त्याची करायची.

आमचं सांगतो. पाच आठवडे आधी सुरू केलं. पहिला आठवडा फक्त अंघोळ आणि जेवण माझ्याकडे, झोप बायकोकडेच. दुसऱ्या आठवड्यापासून दिवसाआड मी झोपवायचो आणि बायको घराबाहेर जायची. दुसऱ्या खोलीत नाही, बाहेर! शेजारणीच्या सोप्यावर जाऊन बसायची. घरात असली तर पोराला वास येतो, खोटं नाही सांगत. पहिल्या रात्री पंचेचाळीस मिनिटं रडला. मी काही केलं नाही, नुसता कडेवर घेऊन खिडकीपाशी उभा राहिलो आणि पाऊस दाखवला. तिसऱ्या खेपेला वीस मिनिटं. सातव्या खेपेला मला म्हणाला, "पप्पा, खिडकी." झालं.

तुमच्यासारखं करायला सांगू नका नवऱ्याला. तो अंगावर घेऊ शकत नाही, तेव्हा त्याची वेगळी रीत पडू द्या. आणि रात्रपाळी असेल तर ती त्या महिन्यापुरती आत्ताच बदलून घ्यायला सांगा, सुपरवायझर ऐनवेळी ऐकत नाहीत.


वॉर्डातली_ताई

चौदा वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स आहे, त्यातल्या काही गोष्टी.

तारखेचं आधी. गुंतागुंत नसताना ठरवून करायचं सिझर ३९ आठवडे भरल्यावर करतात, ते उगाच नाही. त्याआधी काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. मग बाळ काचेच्या पेटीत आणि तुमच्या चार रात्रींच्या सात. सासूबाईंना हे असंच सांगा, त्यांना नातवंड दिसेल, चवथ बाजूला पडेल.

अंगावरचं. तोडायचंच असेल तर आत्ता हळूहळू तोडा किंवा राहू द्या, पण शेवटच्या पंधरवड्यात एकदम तोडू नका. तिच्यासाठी ते आणि बाळ एकाच वेळी येतं, आणि दोष बाळावर जातो. लंगोटाचंही तेच. परत लागला तर लागू दे, रागावू नका, बाळ आल्यावर दोन-तीन महिन्यांनी बघता येईल. पाळणाघर बदलणं, पलंग वेगळा करणं, हेसुद्धा आत्ता नको.

घरी आल्यावर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. चिमी किती, अकरा-बारा किलो? उचलायची नाही. पण मांडी बंद नाही. तुम्ही बसा, टाक्यांवर उशी धरा, तिला स्वतः चढू द्या. हे आजपासूनच सुरू करा, म्हणजे "बाळ आलं आणि कडेवर घेणं बंद झालं" असं तिला वाटणार नाही. ती भेटायला येईल तेव्हा बाळ पाळण्यात असू द्या आणि तुमचे दोन्ही हात रिकामे.

तिची दीड ते दोन वर्षांची लसही झाली आहे ना बघा, डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि एमआरचा (गोवर-रुबेला) दुसरा डोस. डांग्या खोकला नवजात बाळापर्यंत बहुधा घरातूनच पोचतो.

आणि ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. तुमच्या लोहाच्या गोळ्या कुठे ठेवता? लाल, चकचकीत, जेम्सच्या गोळीसारखी. एका गोळीत ६० मिलीग्रॅम लोह. मोठ्या बाईला ते औषध, पण दोन वर्षांच्या पोराने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकतं. गरोदर आई आणि तान्ही पोर एका घरात, हीच वेळ असते. उशाशी किंवा पर्समध्ये ठेवू नका, कपाटात वर, कुलपात. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवत बसू नका, थेट १०८.


बटणवाली आई

ताई, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता उठले. गोळ्या फ्रिजवरच्या टोपलीत होत्या, आणि टोपलीखाली स्टूल. स्ट्रिपमधून गोळी फोडायला तिला येते, मागे क्रोसिनची फोडलेली सापडली होती. आता देवघरावरच्या कपाटात ठेवल्यात. लस राहिलेली नाही, कार्ड बघितलं.

रातपाळीवाले दादा, नवऱ्याला तुमचा प्रतिसाद वाचायला दिला. "शेजारणीच्या सोप्यावर" वाचून हसला, पण पाळी बदलायचा अर्ज आजच देतो म्हणाला.


जुनी_जाणती

अगं बाय, सोयराचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आमच्याकडे एका वर्षी हेच झालं. जावेला चवथीच्या आठवडाभर आधी मुलगा. सोयर फिटल्यावर, अनंत चतुर्दशीच्या आत, गणपती आणला आणि दीड दिवस पुजला. घुमटं वाजली, आरत्या झाल्या, बारसं मागाहून. घरोघरची रीत वेगळी असते, तेव्हा भटजींना विचारा. पण तू विचारू नकोस, सासूला विचारू दे. तिच्या तोंडून भावकीत गेलं की कोणी बोलत नाही.

आणि हिशोब कर जरा. चवथीला सोयर म्हणजे सासूबाईंना माटोळी (गणपतीवर टांगायची फळांची आरास) बांधायची नाही, नेवऱ्या तळायच्या नाहीत. एरवी त्या दिवसांत तिला पेडण्याहून कोण हलवू शकलं असतं? या खेपेला ती मोकळी आहे, हे तिला अजून सुचलेलं नाही. तू सुचव. मानाने बोलव, "तुम्ही आलात तरच जमेल" असं म्हण. ते खरंच आहे ना?


कामावर_परत

फक्त रजेपुरतं. दुसऱ्या बाळालाही २६ आठवडे पगारी रजा आहे. १९६१ च्या कायद्यात २०१७ साली ती दुरुस्ती झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. नोकरी करत असाल तर एचआरने १२ आठवडे सांगितलं तर मान डोलावू नका, ते दोन मुलं असताना तिसऱ्याला.


पोदेराची_वाट

"चार दिवसांनी आई येईल" हे सव्वादोन वर्षांच्या पोरीला काय कळणार? माझ्या भाचीच्या वेळी आम्ही काकणांवर, म्हणजे त्या गोल कडक पावांवर, मोजलं होतं. तुमच्याकडे पोदेर (पाववाला) येतो ना सकाळी? चार काकणं घ्यायची, जाड दोऱ्यात ओवून तिच्या हाताला पोचणार नाहीत पण दिसतील अशी टांगायची. रोज सकाळी पोंपों वाजलं की एक काढून चहात बुडवून द्यायचं. दोरा रिकामा झाला की गाडी काढून आईला आणायला जायचं. आधी एक-दोनदा खोटी तालीम करा, आई सावंतवाडीला एक रात्र, एक काकण. आई खरंच परत आली की पोरीचा दोऱ्यावर विश्वास बसतो.

एकच चूक आम्ही केली. पावसात काकणं दुसऱ्या दिवशी वातड. दोऱ्यावरचं रोज एक काढा, पण खायला ताजं द्या.

व्हिडिओ कॉलचं तुमचं तुम्ही बघा. आमची पडद्यावर आईला बघून जास्त रडायची.


बटणवाली आई (नऊ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. घडलेलं सांगते.

सासूबाईंशी बोलले. ३९ आठवड्यांचं सांगितलं तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, नुसतं "पेटयेंत?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, भटजींना विचारलं, गणपती मागाहून आणायचा. आणि फोंड्याला येतील. जुन्या जाणत्या काकी, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं.

पहिली तालीम बुधवारी. मी खरोखरच शेजारणीकडे जाऊन बसले. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं, शेजारीण मला सोलकढी पाजत होती आणि मी रडत होते. तीस मिनिटांनी एकदम शांत. परत आले तर नवरा गाढ झोपलेला, चिमी त्याच्या पोटावर टक्क जागी. बुडाला बेत.

दुसऱ्या खेपेला त्याने स्वतःच डोकं चालवलं. माझी बटणवाली नाइटी मफलरसारखी गळ्यात गुंडाळून घेतली. चिमीने आधी तपासणी केली, बटण सापडलं, फिरवलं, त्याच्याकडे बघून "पप्पा ना" म्हणाली, तरी फिरवत राहिली. अठरा मिनिटांत झोपली. फोटो काढलाय, पण टाकणार नाही, तो कारखान्यात तोंड दाखवू शकणार नाही.

काकणाचंही एकदा झालं. मी सावंतवाडीला एक रात्र राहून आले. दारात उभी होती, हातात रिकामा दोरा.

आता एक राहिलं. ऑपरेशनच्या रात्री नवरा माझ्याजवळ थांबणार, म्हणजे ती पहिली रात्र सासूबाईंकडे. त्या नाइटी गळ्यात घालायच्या नाहीत, विचारायचीसुद्धा सोय नाही. साडीच नेसतात, आणि ब्लाउजला हुक. बटण कुठे शिवू?