करार कपाटात, क्रेडिट अधांतरी

पुण्यातली महाविद्यालयं परदेशी विद्यापीठांशी करार करतात, शाल-श्रीफळ होतं, पेपरात फोटो येतो आणि पुढे काहीच घडत नाही, हे तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. कोथरूडच्या एका महाविद्यालयात मी या करारांचं काम चार वर्षं केलं. कपाटात करार अकरा, जिवंत दोन. त्या दोन्हींत इकडचे-तिकडचे प्राध्यापक आधीपासूनच एकत्र संशोधन करत होते. कागद नंतर आला.

खरी डोकेदुखी क्रेडिटची, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाबद्दल मिळणाऱ्या श्रेयांकांची. युरोपात वर्षाला ६०, आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ४०. म्हणजे तिकडे ३० करून आलेल्या मुलीला इकडे साधारण २० मिळायला हवीत. तक्त्यात सोपं आहे हो, पण अभ्यास मंडळात ‘आमचा तो पेपर तिने केलाच नाही’ यावर दोन बैठका जातात आणि तोवर गुणपत्रिका अडकलेली! विषयांची जुळणी विद्यार्थी विमानात बसायच्या आधी, सहीशिक्क्यानिशी झाली पाहिजे.

आणखी एक. करार आहे म्हणून परदेशी पदवी मिळेलच असं नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंगमध्ये (म्हणजे अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशात करायचा त्या प्रकारात) परदेशातली क्रेडिट ३० टक्क्यांपर्यंतच, पदवी भारतीय संस्थेचीच. संयुक्त पदवीत दोन्हीकडची प्रत्येकी किमान ३० टक्के लागतात. ‘पदवीवर नाव कुणाचं?’ असं एका काकांनी आमच्या प्रवेश खिडकीवर विचारलं होतं, तर समोरच्याने आधी चहा मागवला.