विश्वास गेला म्हणजे तो आधीपासून खोटाच होता का?

नगरवाला: मावसभाऊ आमचा संडे स्कूल घ्यायचा, उपासनेत गिटार वाजवायचा, आता म्हणतो देवबिव काही नाही. मावशीचं रडणं थांबेना आणि एक काका बायबलमधलं १ योहान २:१९ काढून बसलेत, गेला म्हणजे आपला नव्हताच म्हणे. मला काही पटेना, रात्र रात्र प्रार्थना करताना पाहिलंय त्याला.

वसईकर: आम्हा कॅथलिकांत बाप्तिस्म्याचा ठसा पुसतच नाही. विश्वास सोडता येतो, परत आला तर कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापांची कबुली, पुन्हा बाप्तिस्मा नाही.

जुनी_वही: काकांचं मत कॅल्विनवाल्यांचं (प्रोटेस्टंटांतली एक परंपरा), १६१८-१९ ला नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत पक्कं झालेलं, की देवाने निवडलेला शेवटपर्यंत टिकतोच. मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथ तसं मानत नाही, ते बायबलमधलं इब्री ६:४-६ दाखवतात, तिथे पवित्र आत्म्याचे भागीदार झालेल्यांच्याच पतनाबद्दल लिहिलंय ना. आणि चार्ल्स टेम्पलटनचं बघा, कॅनडाचा प्रचारक, १९४६ ला प्रसिद्ध अमेरिकन प्रचारक बिली ग्रॅहमबरोबर युरोपभर सभा घेत फिरला, मग शंका आल्या म्हणून प्रिन्स्टनला धर्मशास्त्र शिकायला गेला आणि १९५७ ला उघड सांगून मोकळा झाला की आता विश्वास राहिला नाही. ज्याला काही वाटतच नव्हतं तो कशाला एवढी यातायात करेल? ढोंग्याचं तर चाललेलंच असतं की निवांत.

टवाळ: काकांच्या हिशोबाने मरेपर्यंत कोणाचंच खरंखोटं कळायचं नाही, काकांचं पण 😄

नगरवाला: रविवारी जेवायला येतायत, विचारतोच.